ग्रॅनीचा घास

एनिड टॉलहर्स्ट चोवीस वर्षं एकच काम करत आली होती: दुसऱ्यांनी काढलेलं झाकायचं. चित्रकथांच्या कार्यालयात असं एक माणूस लागतंच. चित्रकार काढून मोकळा होतो, मग संपादकाला भलतंच सुचतं आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांना त्याहून भलतं. नायिकेचा गळा जरा वर घ्या, सैनिकाच्या हातातली बाटली काढा, मेलेल्याचे डोळे मिटा. हे सगळं एनिडने करायचं. पांढऱ्या रंगाची बाटली, दोन बारीक ब्रश, एक पातं आणि टाक एवढाच तिचा संसार. हाताची सफाई अशी की छापून आल्यावर खुद्द चित्रकाराला पत्ता लागू नये. नाव मात्र कुठेच नाही. जिथे चित्रकाराचंच नाव छापत नव्हते, तिथे हिचं कोण छापतंय!

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात तर तिला मान वर करायला फुरसत नव्हती. लंडन भाजून निघत होतं, बागेतली हिरवळ करपून चटई झाली होती, पाणी जपून वापरा म्हणून सरकार रोज कानीकपाळी ओरडत होतं, आणि ‘बॅरेज’ साप्ताहिकाच्या सहाव्या मजल्यावर एनिड दिवसभर समुद्र रंगवत होती. कारण ग्रॅनी.

ग्रॅनी म्हणजे शार्क. पंचवीस फुटांची, एक डोळा पांढरा पडलेला, पाठीवर बोटीच्या पंख्याचे वळ. ‘बॅरेज’च्या मधल्या दोन रंगीत पानांवर ती दर आठवड्याला चार-पाच माणसं खायची, आणि खाताना चांगला-वाईट असा भेद करायची नाही. तेल काढणारा नालायक मालक गेला, त्याला वाचवायला आलेला सज्जन पाणबुड्याही गेला. पोरं नुसती वेडी झाली होती. शाळेच्या तरणतलावात कुणी पाय ओढला की “ग्रॅनी आली!” आणि मास्तरांची शिट्टी. दर आठवड्याला पोती भरून पत्रं यायची.

आणि तितक्याच जोरात शिव्या. एका वर्तमानपत्राने अर्धं पान भरून विचारलं होतं, आपल्या मुलांच्या हातात आपण हे काय देतोय? कुठल्या कुठल्या मातांच्या मंडळाने दुकानदारांना पत्रं पाठवली. मग वरून चिठ्ठ्या उतरायला लागल्या: पाय तुटलेला दाखवू नका. दाखवलात तर बूट घातलेला दाखवा. रक्त कमी करा. संपादक डेस ब्रॅमली चिठ्ठी वाचायचा, दोन इरसाल शब्द उच्चारायचा आणि पान एनिडच्या टेबलावर ठेवायचा.

“फेस मार, माझी बाई. जिथे जिथे माणूस फाटलाय, तिथे फेस.”

“अरे डेस, या पानावर समुद्रापेक्षा फेस जास्त झालाय. लोकांना वाटेल ग्रॅनी कपडे धुतेय.”

“धुऊ दे. पण नोकऱ्या राहू दे आपल्या.”

तर अशा या ग्रॅनीची एक स्पर्धा होती. कल्पना डेसचीच. तिचं नाव ‘ग्रॅनीचा घास’. कूपन कापायचं, आपण ग्रॅनीच्या पोटात का जावं ते चार ओळींत लिहायचं, आईबापाची सही घ्यायची आणि पाठवून द्यायचं. महिन्यातून एक भाग्यवान निवडायचा, त्याचा फोटो मागवायचा, आणि त्याच्या चेहऱ्याचं माणूस गोष्टीत आणून ग्रॅनीने ते खायचं. आज कुणी ऐकलं तर अंगावर काटा येईल. तेव्हा एका महिन्यात अकरा हजार कूपनं आली होती. अकरा हजार पोरांना खाल्लं जायचं होतं आणि अकरा हजार आईबापांनी खुशाल सही ठोकली होती.

मे महिन्यात जे पत्र निवडलं गेलं ते एनिडनेच पोत्यातून काढलं होतं. पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर उभं आणि भांडखोर.

“प्रिय ग्रॅनी, मी बारा वर्षांची आहे आणि मुलगी आहे. म्हणून मला होडीत बसवून नुसतं ओरडायला लावू नका. मागच्या वेळी त्या मुलाला अर्धंच खाल्लंत, ती फसवणूक आहे. मला सगळी खा. आईने सही केली आहे. ती म्हणते, तू ग्रॅनीला पचायची नाहीस. जनीन अटिंग, लोवेस्टॉफ्ट.”

एनिड खो खो हसली होती. तिने ते पत्र डेसच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाली, “ही. हिच्याशिवाय दुसरी कोणी नाही.” फोटोही तसाच आला. बंदराच्या कठड्यावर बसलेली, हातात बटाट्याच्या चिप्सची पुडी, वाऱ्याने केस तोंडावर आलेले, पुढच्या दोन दातांत फट, आणि सगळं तोंड उघडून हसणारी.

आता हे पान काढायचं कोणी? ग्रॅनीचा चित्रकार स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या कुठल्याशा गावात राहायचा. कार्यालयात त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. लंडनहून गोष्ट टपालाने जायची, तिकडून पानं टपालाने यायची. इंग्रजी त्याला बेताचंच. परत पाठवून दुरुस्ती करून घ्यायला वेळ कधीच नसायचा, अंक पाच-सहा आठवडे आधी तयार करावा लागतो. म्हणूनच तर एनिड होती.

जूनअखेर पान आलं आणि डेस कपाळाला हात लावून बसला.

“हा बाबा तिथे ऊन खाऊन खाऊन वेडा झालाय. बघ! पोरगी ग्रॅनीच्या जबड्यात कमरेपर्यंत गेलीय आणि हसतेय! सहलीला आलीय का ही?”

खरंच ती हसत होती. फोटो समोर ठेवून त्याने चेहरा जसाच्या तसा उतरवला होता. दातांतली फटसुद्धा. आजूबाजूला ते भयंकर दात, पाणी उसळलेलं, आणि मधोमध ही बया खदाखदा हसतेय. एनिडला वाटलं, ठेवावं असंच. या पोरीला हेच आवडलं असतं.

“ओरडव तिला,” डेस म्हणाला. “चांगली कानठळ्या बसतील अशी.”

एनिडने ओरडवलं. हसण्यावर पांढरा रंग दिला, सुकू दिला, वर दुसरं तोंड काढलं. उकाडा इतका की चिनी शाई निबातच सुकत होती, म्हणून तिने लिहायची साधी निळी-काळी शाई घेतली. दहा-बारा मिनिटांचं काम. जबडा जरा लांबवला, गालावर दोन रेघा, घशात काळोख. झकास साधली. डेसने लांबून बघून शीळ घातली आणि एनिड मनातून सुखावली, खोटं कशाला बोला.

पान खणात गेलं. अजून छापायला दोन आठवडे होते.

त्यातल्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी डेस सकाळी आला तो थेट एनिडच्या टेबलाशी. वर्तमानपत्राची चतकोर घडी त्याने एनिडपुढे सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन सिगारेट पेटवली. त्या वर्षी लाल-काळ्या टिपक्यांच्या किड्यांचा सुळसुळाट झाला होता, खिडकीची चौकट त्यांनी भरून गेली होती. एनिडने बातमी वाचली. आठ ओळींची. लोवेस्टॉफ्टच्या किनाऱ्यावर हवा भरलेल्या गादीवर तरंगणारी मुलगी जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्याने आत ओढली गेली. बचावाची बोट गेली. गादी सापडली, मुलगी नाही. जनीन अटिंग, वय बारा.

“तीच का?” डेसने पाठमोराच विचारलं.

“तीच.”

“खात्री करून घे.”

“अरे काय खात्री करू? एका गावात या नावाच्या, या वयाच्या किती असतील?”

तो खिडकीशीच उभा राहिला. मग म्हणाला, “एनिड, हे छापून आलं आणि त्या वर्तमानपत्रवाल्यांनी दोन्ही नावं जोडली, की संपलं. नुसती ग्रॅनी नाही, अख्खं साप्ताहिक. त्या पोरीला पानातून काढ.”

“नोकरीचं तुझं तू बघ,” एनिड फटकन म्हणाली. “मी काढणारच होते. तिच्या आईने ते बघायचं? दुकानात गेली आणि समोर हे?”

दोघांची कारणं वेगळी, काम एकच. गुरुवारी पान प्रेसला जायचं होतं. मंगळवारी दुपारी एनिडच्या टेबलावरचा फोन वाजला. सार्वजनिक फोनवरून येतो तसा आधी पीप-पीप असा आवाज झाला, मग एका बाईचा.

“हॅलो? मी बेरिल अटिंग बोलतेय. लोवेस्टॉफ्टहून. तुमच्या कामात व्यत्यय आणायचा नव्हता मला.”

एनिडचा ब्रश हातातच राहिला.

“नाही नाही, बोला ना.”

“ते पान... आमच्या जनीनचं जे पान येणार होतं ना, तिने मला तारीख सांगून ठेवली होती, तर त्याच्याबद्दल मला जरा...”

तिला ते बोलताना किती त्रास होतोय ते ऐकवत नव्हतं. एनिडने तिला पुढे बोलूच दिलं नाही.

“मिसेस अटिंग, तुम्ही एक अक्षर बोलू नका. आम्हाला कळलंय. फार वाईट झालं हो. ते पान येणार नाही. मी स्वतः तिला त्यातून काढतेय. तुम्हाला ते बघावं लागणार नाही, हा माझा शब्द.”

पलीकडे मागे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते.

“अच्छा,” मिसेस अटिंग म्हणाल्या. “हो का. बरं. मग... थँक्यू. तुम्ही किती विचार केलात आमचा.”

“छे हो, एवढं तर करायलाच हवं.”

“नाही, खरंच. थँक्यू.”

आणि फोन ठेवला. एनिडला बरं वाटलं. आता इथल्या माणसांची ही खोड तिला काय माहीत नव्हती? ती त्यातलीच. पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोच सॉरी म्हणतो. दुकानात भलतीच वस्तू हातात ठेवली तरी थँक्यू म्हणून घरी घेऊन जातात. पण त्या दिवशी तिला हे सुचलं नाही. थँक्यू म्हणजे थँक्यू, असं समजून तिने ब्रश बुडवला.

तिने पोरीला पानातून काढायला घेतलं. हात, केस, गाल, सगळं पांढरं करत आणलं. डोळे मात्र काही केल्या जाईनात. स्पॅनिश चित्रकाराने तिथे शाईचा जाड थर दिला होता, पांढऱ्याखालूनही उंचवटा दिसत होता, आणि ते सरळ एनिडकडे बघत होते. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत होती ना, म्हणून. एनिडला ते सहन होईना. तिने पातं घेतलं आणि दोन्ही डोळे कागदाच्या मुळापर्यंत खरवडून टाकले. मग वर फेस काढला. भरपूर फेस, आणि एका बाजूला तरंगणारा एक रिकामा बूट. गुरुवारी पान प्रेसला गेलं, तिथे छपाईसाठी त्याचं छायाचित्र घेतलं गेलं आणि शुक्रवारी ते परत आलं. परत आलेली मूळ पानं तळघरात जायची. तिथे त्यांचे ढिगारे पडलेले असत. नळ गळाला तर कर्मचारी चित्रांनीच फरशी पुसायचे.

हे पान एनिडने तळघरात पाठवलं नाही. झाकलेलं नीट बसलंय ना, एवढंच बघायचं होतं तिला. तिने ते आपल्या खणात ठेवलं.

सोमवारी खण उघडला तर फेसाच्या मधोमध एक निळसर डाग होता.

तिने तो पुसला नाही, वर पांढरा रंग दिला. मंगळवारी डाग पुन्हा वर. आता त्याला आकार होता. लांबट, उघडा. एनिडने दार लावून घेतलं आणि आणखी एक थर दिला. बुधवारी गालावरच्या दोन रेघा आल्या.

तिला कारण ठाऊक होतं. लिहायची शाई पाण्यात विरघळते, पांढरा रंग ओला असतो, तो शाई वर ओढून घेतो. नव्या पोरांना ती स्वतःच हे शिकवायची. पण ठाऊक असून काय उपयोग? रोज सकाळी आठ वाजता, लख्ख उजेडात, खिडक्या सताड उघड्या असताना, त्या खणातून एक तोंड तिच्याकडे बघून ओरडत असे. बाकी चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसतं तोंड. आणि ते जनीनचं नव्हतं. जनीन तशी कधी ओरडली होती की नाही, कोण सांगणार? ते एनिडने काढलेलं तोंड होतं.

छपाई होऊन गेली होती. त्या पानाला आता कुणी विचारणार नव्हतं. तरी ती रंगवत राहिली. चौथा थर, पाचवा. चहा गार व्हायचा. डेस एकदा मागे येऊन उभा राहिला.

“एनिड, ते पान गेलंय. कशावर बसलीयस?”

“वर येतंय ते.”

“येऊ दे ना. फेकून दे तळघरात.”

“तिथे अंधारात पडून ओरडत राहील,” ती म्हणाली आणि आपण काय बोललो ते ऐकून तिने घाईने ब्रश बाटलीत बुडवला. डेस निघून गेला. घरी, लंडनच्या लेटन भागात, तिची बहीण म्हणे, रात्री झोपेत तू हात असा पुढेमागे करतेस, काय रंगवतेस गं? एनिड म्हणाली, भिंत.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी अंक बाजारात आला. कुणी जोडलं नाही, कुणी विचारलं नाही. पुढच्या बुधवारी सकाळी खालच्या दरवानाने फोन केला. एक बाई आल्यात, त्यांनी वेळ घेतलेली नाही, त्या सॉरी म्हणतायत, पण जात नाहीत.

मिसेस अटिंग चाळिशीच्या असतील. त्या भट्टीसारख्या उकाड्यात त्यांनी चर्चला जायचा निळा लोकरी कोट घातला होता, सगळी बटणं लावून. हात लाल, सोललेले. मासळीच्या कारखान्यात थंड पाण्यात काम करणाऱ्यांचे असतात तसे. हातात ‘बॅरेज’चा अंक गुंडाळून धरलेला.

“तुम्हीच का फोनवर बोलला होतात?” त्यांनी विचारलं. “आवाजावरून वाटलं.”

एनिडने त्यांना खुर्ची दिली. चहा विचारला. त्या नको म्हणाल्या, मग थँक्यू म्हणाल्या.

“तरी मी घेतला हा अंक,” मिसेस अटिंग म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत, की काढणार म्हणून. पण म्हटलं, कामाच्या घाईत विसरल्या असतील तर... विसरल्या असतील तर असेल ती.” त्यांनी अंक उलगडला, मधलं पान समोर धरलं. “इथे होती का ती? या फेसात?”

एनिडने मान डोलावली.

“तुम्हाला ती हवी होती,” ती शेवटी म्हणाली.

“मी तेच विचारायला फोन केला होता. म्हटलं, एवढं झालंय तर हे लोक घाबरून काढून टाकतील, तेवढं काढू नका म्हणावं. पण तुम्ही इतक्या चांगुलपणाने बोललात, की मग म्हणायची हिंमतच झाली नाही.” त्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. “तिने कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. अजून पाच शनिवार, अजून चार. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे पुरायलाही काही नाही हो. समुद्राने दिलंच नाही परत. तिचा बाप रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभा राहतो. मला वाटलं, निदान हे तरी येईल. कापून ठेवू. तिला हवं होतं ते एक तरी झालं, असं म्हणू.”

एनिडला रडू आलं नाही. रडण्याची लायकी नाही आपली, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. चोवीस वर्षांत तिने काय काय झाकलं होतं, पण एका मेलेल्या पोरीला तिच्या आईपासून झाकायचं काम पहिल्यांदाच केलं होतं, तेही दयाबुद्धीने.

“मूळ पान माझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

मिसेस अटिंग खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“थांबा. ती वर दिसत नाही. खाली आहे. पांढरा रंग पाण्याने निघतो. निघायला हवा. मी कधी केलेलं नाही हे.” आणि मग, खण उघडता उघडता, “तुम्ही तिकडे बसलात तर बरं. मी झालं की दाखवते.”

“नाही,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या सॉरी किंवा थँक्यू काही म्हणाल्या नाहीत. “मी बघणार.”

एनिडने वाटीत पाणी घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि फेस धुवायला सुरुवात केली. सहा-सात थर होते. कापूस पांढरा होत होता, निळा होत होता, ती काडीमागून काडी टाकत होती. आधी केस आले. मिसेस अटिंगच्या घशातून बारीक आवाज आला. मग एक खांदा, एक हात. मग फेसातून ते तोंड वर आलं, पूर्ण, जसं तिने काढलं होतं तसं. ओल्या कागदावर ते अजूनच काळं दिसत होतं.

मिसेस अटिंगनी टेबलाची कड धरली.

“अशी?” त्या म्हणाल्या. “अशी काढली होती तिला?”

इथे एनिडला गप्प राहता आलं असतं. दोष स्पेनमधल्या त्या माणसावर टाकता आला असता, तो काही ऐकायला येणार नव्हता. खाली काय आहे ते सांगितलंच नसतं तरी कुणाला कळणार होतं? पण ते तोंड धुवायचं म्हणजे खालचं हसूही जाईल का राहील, तिला सांगता येत नव्हतं.

“हे मी काढलं,” ती म्हणाली. “त्याने नाही. त्याने तुमच्या फोटोतली जनीन काढली होती. हसणारी. आम्हाला ते चालेना. संपादक म्हणाले ओरडव, आणि मी ओरडवलं. ती तशी नव्हती, मिसेस अटिंग. हे माझं आहे.”

“रोज रात्री मला हीच दिसते,” मिसेस अटिंग हळूच म्हणाल्या. “अशीच ओरडताना. मला वाटायचं, मीच मनाने रचतेय. सही मी केली होती ना.”

“पुसू का?”

“पुसा.”

“खालचंही जाईल कदाचित.”

“पुसा हो तुम्ही.”

एनिडने पुसलं. तिची शाई निमूट सुटली, वाटीतलं पाणी गडद झालं. खालचा पांढरा थर विरघळायला लागला. त्या स्पॅनिश माणसाची चिनी शाई पक्की होती. ती हलली नाही. आधी वरच्या ओठाची रेघ आली, मग दात, मग दातांतली फट. हसू सगळंच्या सगळं होतं. चहूबाजूंनी ग्रॅनीचे सुऱ्यासारखे दात आणि मध्ये ते हसू, जणू कुणीतरी जोरात काही विनोद केलाय.

वर, जिथे डोळे असायला हवे होते, तिथे कागदाला लव सुटलेली दोन भोकं होती.

“डोळे मी खरवडले,” एनिड म्हणाली. “ते माझ्याकडे बघत होते.” मग ती घाईघाईने बोलायला लागली. “फोटो आहे माझ्याकडे. मागे नवा कागद चिकटवते आणि हुबेहूब काढून देते, कुणाला कळणार नाही. मी यातच... पाच मिनिटं लागतील फक्त. बसा तुम्ही.” तिने टाक उचललासुद्धा.

मिसेस अटिंगनी तिचं मनगट धरलं. तो लाल, सोललेला हात भलताच थंड होता.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता हात लावू नका.”

दारात डेस येऊन उभा होता. तो म्हणाला असता की मूळ पान कंपनीच्या मालकीचं असतं, कुणाला देता येत नाही. नियम तोच होता. एनिडने त्याच्याकडे बघितलं आणि तो बाजूला झाला.

मिसेस अटिंगनी ते ओलं पान दोन्ही हातांनी आडवं उचललं, ओघळू नये म्हणून अगदी समतोल धरलं, आणि उजेडाकडे केलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“डोळे मला पाठ आहेत,” त्या म्हणाल्या. “हसायची कशी, ते विसरत चालले होते.”